माझ्या सहीने वारलेली कमलाक्षी

शुक्रवार होता. कॉफीचं दुसरं डिकॉक्शन उतरत होतं, एका चुलीवर दूध, दुसऱ्या चुलीवर इडलीचं पात्र, आणि आमचे हे, मुरलीकृष्ण, ऑफिसचा शर्ट इस्त्रीला कोणी द्यायचा होता यावर माझ्याशी हुज्जत घालत होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली. आमच्या दाराला बेल आहे, चांगली मोठ्याने वाजते. बेल सोडून कडी वाजवणारा माणूस सरकारी असतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

काखेत फाइल धरलेला, घामाघूम झालेला एक गृहस्थ उभा होता. महाराष्ट्रात ज्याला तलाठी म्हणतात, तसल्या हुद्द्याचा. तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, शेजारच्या घराची चौकशी आहे. तिथं कमलाक्षी म्हणून कोणी राहतात का?"

शेजारच्या घराच्या कमानीवर 'कमलाक्षी निलयम' असं कोरलेलं आहे. मी या गल्लीत आले तेव्हापासून ते नाव बघते आहे. मी म्हणाले, "त्या वारल्या. फार वर्षं झाली. आता त्यांच्या सूनबाई राहतात, गंगाबाई."

"तुम्ही इथं किती वर्षं?"

"एकवीस."

"म्हणजे तुम्हाला पक्कं माहीत." त्याने चार ओळी लिहिल्या आणि फाइल माझ्यापुढे धरली. "शेजारी म्हणून इथं सही करा."

दूध वर येत होतं. मी सही केली.

जाताना त्याने शेजारच्या फाटकाकडे एकदा पाहिलं. फाटक लोटलेलं होतं. मागच्या परसात गंगाक्का पडवळाला पाणी घालत होती, नळीचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. फाटकापासून परसापर्यंत वीस पावलं असतील. त्याने ती वीस पावलं टाकली नाहीत, आणि मी त्या चार ओळी वाचल्या नाहीत. आम्हा दोघांपैकी जास्त राग कुणाचा करावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गंगाक्काचं वय बहात्तर. नवरा शेषगिरीराव शाळेत गणित शिकवायचे, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा श्रीकर होसूरला कारखान्यात. बाईच्या दिवसाचे दोन भाग. सव्वानऊपर्यंत बाग, सव्वानऊनंतर शेअर. मिरचीच्या रोपांच्या कुंड्या खिडकीत मांडलेल्या असतात, त्यांच्या मधोमध फोन उभा करून ठेवायचा, चष्मा नाकावर, आणि हाताला लागलेली माती लुगड्याला पुसत भाव बघायचे. घेते किती, तर पाच, दहा. कधी फार धीर केला तर वीस.

तिची रीत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हसले होते. कुठल्याही कंपनीचा शेअर घेण्याआधी ती वापरणाऱ्याला नाही विचारत, दुरुस्त करणाऱ्याला विचारते. पंपाच्या कंपनीत पैसे घालायचे तर बसस्टँडमागच्या मोटार वाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाऊन बसायची. "तुझ्याकडे कुठला पंप परत परत येतो रे?" तो नाव सांगेल ती कंपनी सोडायची, आणि ज्याचं नाव त्याला आठवतच नाही ती घ्यायची. ताळेबंद वगैरे तिला वाचता येतो, शेषगिरीरावांनी शिकवला होता. पण म्हणते, ताळेबंद कंपनीवालाच लिहितो, वाइंडिंगवाला त्याचा पगारी नाही.

सरकारवर मात्र तिचा विश्वास नाही, आणि ते ती लपवत नाही. तिच्या परसात एक लिंबाचं झाड आहे. कुठल्याशा योजनेत फुकट मिळालेलं रोप. आठ वर्षं शेणखत खाल्लं, पानं हिरवीगार, काटे बोटाएवढे, लिंबू एक नाही. मी म्हटलं, "अक्का, काढून टाका की." तर म्हणाली, "असू दे गं. कोणी योजनेचा फॉर्म घेऊन आलं की मी त्याला परसात आणून हे झाड दाखवते."

धरणाचं पाणी अमुक तारखेला सोडलं म्हणून पेपरात फोटो येतो, पुढारी फुलं वाहताना. गल्लीतले सगळे वाचतात. गंगाक्का पुदु आरूच्या कालव्यापर्यंत चालत जाते, पायऱ्यांवर पाणी किती चढलं ते डोळ्यांनी बघते आणि मगच भोपळ्याचं बी मातीत घालते. मी एकदा वाद घातला होता. रस्ते कोण करतं, दवाखाना कोण चालवतं, म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "दवाखाना चांगला आहे," म्हणाली. "मी डॉक्टरला नावं ठेवत नाही सरोजा, मी फॉर्मला ठेवते. कंपनीवाला फसवतो तेव्हा भाव पडतो, ते मला दिसतं. हे लोक फसवतात आणि वर पावती देतात."

मला ही म्हातारपणची कुरकुर वाटायची. सगळ्यांचीच असते.

त्या शुक्रवारनंतर तीन आठवड्यांनी गंगाक्का आमच्याकडे आली. आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि हातातला कागद तिने तांदळाच्या डब्यावर ठेवला.

"वाच."

तालुक्याच्या कचेरीचं पत्र होतं. अर्ज नामंजूर. कारण, अर्जात नमूद कमलाक्षी ही व्यक्ती हयात नसल्याचा शेजाऱ्यांचा लेखी जबाब. सोबत जबाबाची प्रत जोडलेली. खाली माझी सही, ठसठशीत, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात.

"अक्का, पण कमलाक्षी म्हणजे तुमच्या सासूबाई ना?"

"त्याही." ती स्टुलावर बसली. "आणि मीही."

तेव्हा मला ते सगळं पहिल्यांदा कळलं. पापनाशमला तिच्या वडिलांचं, रघोजीरावांचं, पंपांच्या सामानाचं दुकान होतं. एक पंपाची कंपनी नवी निघाली तेव्हा त्यांनी लेकीच्या नावाने पन्नास शेअर घेतले आणि लग्नात पाटल्यांऐवजी ते कागद दिले. लोक हसले होते म्हणे, मुलीच्या हातात सोन्याऐवजी कागद. कागदावर नाव कमलाक्षी, कारण तेव्हा ती कमलाक्षीच होती. आम्हा इथल्या मराठी लोकांत लग्नात ताटलीत तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. इथल्या तमिळ घरांत ही रीत नाही, आमच्या लोकांनी ती इतकी वर्षं सांभाळली. पुष्कळ घरांत हल्ली तेच नाव पुन्हा लिहितात. पण तिच्या सासूचं नावही कमलाक्षी. सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारणार? म्हणून तांदळात गंगाबाई लिहिलं. त्यापुढचं सगळं, रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, बँक, गंगाबाई.

शेअरवरचा लाभांश पापनाशमच्या पत्त्यावर यायचा, भाऊ आणून द्यायचा. भाऊ गेला, घर विकलं, टपाल परत जायला लागलं. सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही की शेअर सरकारच्या निधीत जमा होतात, असा कायदा आहे. झाले. आता परत मिळवायचे तर कमलाक्षी आणि गंगाबाई एकच, असा तहसीलदाराचा दाखला लागतो. त्यासाठी तिने वर्षभरापूर्वी अर्ज केला होता. कुणालाही न सांगता.

"मला एका शब्दाने सांगितलं असतं तर," मी म्हणाले.

"रोप रुजल्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही. ती माझी चूक. पण न वाचता सही करायची नसते, हे मी कुणाला शिकवायचं? बी.ए. झालेल्या बाईला?"

मी त्या चार ओळी आता वाचल्या.

"आणि त्याने माझ्याबद्दल विचारायला माझं दार सोडून तुझं दार का गाठलं? मी परसात होते. हाक मारली असती तर नळ बंद करून आले असते." तिचा आवाज चढला नव्हता. ती रागावली की आवाज खाली जातो. "श्रीकरला फोन केला. म्हणतो, सोड ना आई, पन्नास शेअरसाठी कुठं हिंडतेस. त्या पन्नासांना बोनस लागून किती झाले, ते त्याला ठाऊक नाही. पण मी किमतीचं बोलत नाही. माझ्या अप्पांनी एकच वस्तू माझ्या नावावर केली. घर भावाला, दुकान भावाला. ही माझ्या नावावर."

सोमवारी मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. ती नको म्हणाली होती, मी तरी गेले. चूक माझी होती, निस्तरायला नको?

खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाला मी सांगितलं की जबाब माझा, तो चुकीचा आहे, मला बदलायचा आहे. तो म्हणाला, "जबाब झाला की झाला. फेरचौकशीचा वेगळा अर्ज. सहा-आठ महिने धरा."

"पण ह्या समोर उभ्या आहेत."

"ह्या गंगाबाई आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

गंगाक्काने पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. कडा तपकिरी झालेली, एका बाजूला तमिळ, एका बाजूला मोडक्यातोडक्या देवनागरीत मराठी. चि. सौ. कां. कमलाक्षी आणि चि. शेषगिरी. त्याने उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात गंगाबाई कुठं आहे?"

"पत्रिका लग्नाआधी छापतात," गंगाक्का म्हणाली. "नाव लग्नात ठेवतात."

"मग लग्नानंतरची काही पत्रिका?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. गंगाक्का हसली नाही. तिने दुसरा कागद काढला, अकरावीच्या परीक्षेचं शाळेचं पुस्तक. त्यात विद्यार्थिनीच्या ओळखीची खूण लिहिलेली असते. डाव्या हाताला कोपराखाली तीळ. तिने डावा हात खिडकीच्या गजांतून आत घातला आणि त्याच्या टेबलावर, शिक्क्यांच्या शेजारी, उताणा ठेवला. तीळ होता. पंचावन्न-छप्पन्न वर्षांत थोडा फिकटलेला, पण होता.

कारकून खुर्चीत मागे सरकला. "अम्मा, तीळ मला साक्षांकित करता येत नाही."

"मग ही खूण लिहून कशाला घेतली होती? मी सोळा वर्षांची होते तेव्हा मास्तरांनी ती ओळखायला लिहून घेतली. कुणी ओळखायला?"

तो माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं. त्याने आवाज उतरवला, घरातल्या मोठ्या माणसाला समजावल्यासारखं बोलला. "अम्मा, खरं सांगू? तुम्ही हयात आहात म्हणून अडलंय. उद्या, म्हणजे देव करो आणि तसं न होवो, पण तुमच्यानंतर तुमच्या मुलाने वारसाचा दाखला आणला तर सरळ वाट आहे. त्या फायली आम्ही रोज काढतो."

मी काहीतरी बोलणार होते, मोठ्याने, शोभणार नाही असं. गंगाक्काने माझ्या दंडाला धरलं.

"किती दिवसांत काढता त्या?" तिने विचारलं.

"महिना. फार तर दीड."

"मेलेल्या बाईला दीड महिना," ती म्हणाली, "आणि जिवंत बाईला दीड वर्ष." तिने हात गजांतून मागे घेतला, बाही खाली ओढली, पत्रिका जपून पिशवीत घातली. "कोरा कागद आहे का?"

त्याने दिला. तेवढं मात्र लगेच दिलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तमिळमध्ये अर्ज लिहायला मी पेन काढलं. माझ्या मनात मोठा मजकूर होता. अधिकाऱ्याने घरापर्यंत येऊन घरात पाऊल टाकलं नाही, जबाब वाचून दाखवला नाही, परसातली बाई न बघताच तिला मेलेली ठरवलं, वगैरे सगळं. 'माननीय महोदय' लिहून मी तीन ओळी लिहिल्याही. गंगाक्काने चष्मा लावून वाचल्या.

"हे तुझ्या रागाचं आहे," ती म्हणाली. "तुझा राग तू घरी ने. याची घडी घालून ते फायलीत सगळ्यात खाली ठेवतील. खोड हे."

"मग काय लिहू?"

"आधी तुझं लिही. मी सरोजा मुरलीकृष्ण, मी न वाचता सही केली, माझा जबाब चुकीचा आहे. तारीख घाल."

मी लिहिलं. अक्षर नीट काढलं. लाज वाटली ती लिहिताना नाही, लिहून झाल्यावर, जेव्हा तिने तो कागद दोनदा वाचला आणि 'ठीक' म्हणून मान हलवली तेव्हा.

"आता माझं. माझे शेअर द्या, असं लिहू नकोस, ते यांच्या हातात नाहीत. न्याय वगैरे नको. त्या माणसाची तक्रारही नको, त्याला बदलतील आणि नवा येईल, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल."

तिने चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग एकेक शब्द सुटा करून सांगू लागली, वर्गात मुलांना शुद्धलेखन घालतात तसे, आणि मी लिहीत गेले.

"मी कमलाक्षी, लग्नानंतरची गंगाबाई. माझी एकच विनंती आहे. दाखला मी जिवंत असताना, माझ्या हातात द्यावा."