धर्माजींचे चार बुधवार

आमच्या मीरा रोडच्या कॉलेजात धर्माजी शिगवण हे प्रयोगशाळेतले शिपाई आणि मी ग्रंथपाल. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला नवघरला. काचेची नळी कुणाच्याही हातून फुटो, चेहरा यांचा उतरायचा. मला हे गृहस्थ आवडतात, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

दर बुधवारी सकाळी ते काशीगावातल्या मटणाच्या दुकानात जायचे आणि बकऱ्याचं रक्त बाटलीत घेऊन यायचे. गोठू नये म्हणून बाटलीत औषध आधीच घातलेलं असायचं. हा खटाटोप निशिगंधा मॅडमसाठी. मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आवरणामागे हात धुऊन लागायच्या. प्रयोग तसा साधा. पेशी मिठाच्या पाण्यात सोडायच्या आणि मीठ कमी कमी करत जायचं. पेशी पाणी पिऊन फुगते आणि एका घटकेला आवरण फाटतं. किती मिठाला फाटलं, याची वर्षभर दर बुधवारी नोंद. अट एकच, रक्त त्याच सकाळचं हवं.

२००८च्या मार्चमध्ये मॅडमनी यावर शोधनिबंध लिहून परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. आयुष्यातला पहिलाच. शेवटी आभाराची ओळ होती : ‘दर बुधवारी ताजं रक्त आणून देणाऱ्या श्री. धर्माजी शिगवण यांचे आभार.’ इंग्रजीतली ती ओळ धर्माजींनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि तिची झेरॉक्स घरी देवाच्या फोटोशेजारी चिकटवली. त्यांच्या बायकोने, दुर्गावहिनींनी, चाळीत पेढे वाटले.

“अहो, अजून छापून कुठे आलाय?” मी म्हटलं. “आधी दोन परीक्षक वाचणार. कोण ते आपल्याला कळत नाही.”

“म्हणजे नाव नाय, गाव नाय, न् खोड काढणार?”

“असेल तर काढणार.”

“आपल्यात नाय,” ते छाती काढून म्हणाले.

जूनमध्ये उत्तर आलं. पहिला परीक्षक खूश होता. दुसऱ्याने मात्र नेमकं बोट ठेवलं. गेल्या वर्षी बावीस ऑगस्टपासून चार बुधवार पेशी दर आठवड्याला जास्तच लवकर फाटत गेल्या आणि गणपतीच्या सुट्टीचा एक बुधवार सोडून सव्वीस सप्टेंबरला एकदम पहिल्यासारख्या झाल्या. असं का?

मॅडम घाबरल्या नाहीत, उलट हरखल्या. पावसाळ्यातल्या ओल्या चाऱ्याने बकऱ्यांच्या पेशींचं आवरण नाजूक होत असणार! “नवीनच गोष्ट हाती लागली बघा,” असं म्हणत त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. शेजारी टेबल पुसणाऱ्या धर्माजींनी फक्त एवढंच विचारलं, “तारखा काय म्हणालात, मॅडम?”

दुपारी ते माझ्याकडे ग्रंथालयात आले आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर मागितलं. जुनी कॅलेंडरं मी पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवते. त्यांनी बारा ऑगस्टवर बोट ठेवलं. रविवार, अमावस्या.

“ताई, त्या दिवशी गटारी. दोन तास रांगेत उभं राहून मोठी बाटली भरून आणली न् इथल्या फ्रीजात मागे ठेवली. श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मी मटणाच्या दुकानाची पायरी चढत नाय. मग दर बुधवारी त्यातलंच काढून दिलं.”

“आणि मॅडमना बोलला नाहीत?”

“काम थांबलं असतं ना त्यांचं. न् फ्रीजातलं म्हणजे ताजंच की!”

“महिन्याभराच्या कोथिंबिरीला ताजी म्हणाल का तुम्ही?” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वाचणारी मुलं वर बघायला लागली. धर्माजींची मान खाली गेली. दर जुलैला त्यांच्या नेमणुकीचा कागद नवा व्हायचा, तोही मॅडमच्या शिफारशीने, आणि जुलै दहा दिवसांवर होता.

“नाय सांगितलं तर?” त्यांनी हळूच विचारलं.

लाज वाटते सांगायला, पण मी गप्प बसले. त्या लांबच्या परीक्षकाला श्रावण कुठून कळणार? निबंध छापून आला असता, मॅडमचं नाव झालं असतं, यांची नोकरी राहिली असती. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

धर्माजींनी कॅलेंडरची घडी घातली. “पण खाली माझं नाव हाय, ताई. ताजं म्हणून लिहिलंय.”

आणि ते उठून थेट मॅडमकडे गेले. मी मागोमाग.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “वर्ष वाया गेलं माझं, धर्माजी!” मग मॅडमनी डोळे पुसले, ओल्या चाऱ्याची दोन पानं खोडून टाकली आणि खरं ते लिहायला घेतलं. परक्या माणसाला श्रावण चार ओळींत समजावताना आम्हा दोघींना घाम फुटला. जाताना त्या धर्माजींना म्हणाल्या, “तुमचा कागद उद्या आणा. सही करते.”

परीक्षकाचं उत्तर यायच्या आत पुढचा श्रावण लागला, आणि प्रयोग तर चालूच होता. मॅडम घरच्या पक्क्या शाकाहारी. तरी नाकाला रुमाल लावून दर बुधवारी स्वतः काशीगावच्या दुकानात उभ्या राहिल्या, आणि धर्माजी रस्त्याच्या पलीकडून हातवारे करून बाटली नीट धरायला शिकवत राहिले.

सप्टेंबरमध्ये परीक्षकाने कळवलं : ‘तीस वर्षांत असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. ते चार बुधवार काढू नका, साठवलेलं रक्त म्हणून वेगळे दाखवा.’ निबंध स्वीकारला गेला.

डिसेंबरमध्ये अंक ग्रंथालयात आला. धर्माजी हात धुऊन आले आणि आभार वाचायला सांगितले. मी वाचलं : ‘रक्त आणून देणाऱ्या, आणि त्यातलं शिळं कुठलं हे स्वतःहून सांगणाऱ्या श्री. धर्माजी शिगवण यांचे आभार.’

या वेळी त्यांनी एकदाच वाचून घेतलं.

“झेरॉक्स काढू?” मी विचारलं. “पण देवापाशी जुनी आहे ना?”

“मॅडमना सांगितलं ना, ती मी त्याच दिवशी काढली, ताई,” ते म्हणाले. “जागा तशीच ठेवलीय.”