मेंबराचा कर आणि आमच्या पऱ्हाट्या

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. अमरावतीत आमच्या वॉर्डाचा एक मेंबर होता. सदरा कडक इस्त्रीचा, अक्कल चुरगळलेली. शहरात येणाऱ्या लाकूड-कोळशावर जकात वाढवायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. म्हणे लोक कमी जाळतील, धूर कमी होईल. चौकात उभा राहून सांगे, "गरिबाले झळ लागनार नाही! कर गाडीवाल्याले. डोक्यावरची मोळी माफ!" अन् त्याच्या स्वतःच्या जिनिंगचा कोळसा? तोही माफ. कारखाना ना तो! आमची चूल काय, नुसती हौस.

गाडीवाला कशाला पदरचं भरतो? परतवाड्याहून येणारं लाकूड महागलं. चहावाल्यानं कप लहान केला, बेकरीवाल्यानं पाव. माय हसली. आम्ही कुठं चहा-पाव खायचो? आमचं जळण तर फुकट. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की माय बडनेऱ्याकडच्या एका शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटायची. पैसे घ्यायची नाही. उपटलेल्या पऱ्हाट्याच तिची मजुरी. त्या घरामागं रचल्या की पावसाळाभर चुलीची चिंता नसे.

त्या उन्हाळ्यात गेलो, तर बांधावर बैलगाडी उभी. पऱ्हाटीवर कर बसवायचं मेंबराला सुचलं नव्हतं, पण पऱ्हाटी जाळायचं चहावाल्याला सुचलं होतं.

मालकीण म्हणाली, "बाई, हाटेलवाले आता विकत नेऊन रायले. तू यंदा पैसे घे."

"पैसे चुलीत घालू काय वो?" माय म्हणाली. पण घेतले. काय करते?

त्या पैशात लाकूड येऊन येऊन किती येणार? पावसाळ्यात सकाळीच दोन्ही वेळच्या भाकरी व्हायच्या. संध्याकाळी शिळी भाकर अन् तिखट. बाप तापानं पडला, तेव्हा त्याच्यासाठी कण्या शिजवायला मायनं बसायचा पाट फोडला.

दिवाळीच्या सुमारास मेंबर मतं मागत आला. आमच्या छपरांकडं पाहून खूश! "पाहा बाई, धूर कसा कमी झाला!"

माय म्हणाली, "झाला ना, भाऊ. सांजच्याले तर बिलकुल नसते. या एक दिवस जेवाले, तुमचे डोये नाही झोंबनार."

मेला हसला. त्याला वाटलं, बाईनं कौतुक केलं. जाताना हात जोडून म्हणतो कसा, "येईन, येईन!"