आबांनी वाजवलेला क्रँक

मला राग पटकन येतो, आणि आमच्या दुकानात तो यायला कारणंही भरपूर असतात. नगरच्या एमआयडीसीत आमचं क्रँक घासायचं दुकान आहे. इंजिनात पिस्टन वरखाली होतो, आणि त्या वरखाली होण्याचं गोल फिरणं करतो तो वाकडातिकडा लोखंडी दांडा म्हणजे क्रँक. तो झिजला की लोक आमच्याकडं आणतात, आम्ही मशीनवर घासून गुळगुळीत करून देतो. दुकान वडिलांनी उभं केलं. त्यांना सगळी एमआयडीसी आबा म्हणते, मीही. सासरहून कायमची परत आले आणि मशीनवर उभी राहिले, ती आजतागायत. सुरुवातीला गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून विचारायची, "आबा कुठं हायेत?" मी म्हणायची, "आहेत की आत. पण घासणार मीच. पटत असेल तर ठेवा, नाहीतर उचला."

वाजवणं मात्र आबांचं. घासायच्या आधी क्रँक साखळीला उभा टांगायचा, छोट्या हातोडीनं हलकेच ठोका द्यायचा आणि ऐकायचं. धड क्रँक वाजतो, बराच वेळ घुमत राहतो. आत चीर असली की थड् करून गप्प. असा चिरलेला क्रँक भर वेगात तुटला तर इंजिन फोडून बाहेर येतो, मग समोर माणूस आहे का भिंत, हे तो बघत नाही. राहुरी, देवळाली प्रवरा, संगमनेर, कुठून कुठून मेकॅनिक यायचे. काहींना घासायचंही नसायचं, नुसतं वाजवून घ्यायचं असायचं. आबा डोळे मिटून ठोका द्यायचे, मग डोळे उघडून समोरच्याकडं क्षणभर बघायचे आणि सांगायचे, "घाला बिनघोर", नाहीतर "भंगारात टाका". त्यांनी वाजवल्यावर दुसऱ्यानं हातोडी उचलायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मीसुद्धा कधी उचलली नव्हती, आणि मी काही फार ऐकून घेणाऱ्यातली बाई नाही.

माझा धाकटा भाऊ कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. जुनी छोटी गाडी, आतलं सगळं काढून टाकलेलं, एकच सीट आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. आई असती तर तिनं चावी विहिरीत फेकली असती. गेल्या मोसमात त्या गाडीचं इंजिन जाम झालं. त्यानं ते टेम्पोत घालून दुकानात आणलं आणि बापासमोर हात जोडून उभा राहिला. आबा खूश. पोरगा दुसऱ्या कुठल्या कामासाठी कधी दुकानात येतच नव्हता.

मग सुरू झाली क्रँकची निवडानिवड. गाडीचा मूळचा क्रँक होता, पण तो आधी दोनदा घासलेला आणि वर ओतीव, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला. ओतीव क्रँकच्या अंगावर साच्याची रेघ दोऱ्यासारखी बारीक असते, तापवून ठोकून केलेल्या घडीव क्रँकची रेघ बोटाएवढी रुंद. ओतीव दूध-भाजी आणायच्या गाडीला चालतो. भाऊ इंजिन किंचाळेपर्यंत फिरवणार, त्याला घडीवच हवा. पुण्याहून नवा घडीव करून घेता आला असता, वजनाला हलका, झटकन फिरणारा. पण तो हातात येईपर्यंत मोसम संपला असता. आणि तिसरा, भावानं स्वतः संगमनेरच्या भंगारवाल्याकडून शोधून आणलेला. नाशिक-पुणे रोडवर ठोकलेल्या एका गाडीतला. घडीव, कधी न घासलेला, पिना, म्हणजे आम्ही घासतो ते गोल भाग, आरशासारख्या चकचकीत. भाऊ त्याच्याकडं असा बघत होता, जसं काही दुकानात नवरी आली आहे.

"ठोकलेल्या गाडीतला आहे," मी म्हणाले. "एवढा दणका बसलाय, आतून काय झालंय कुणाला माहीत?"

"ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. आबा वाजवतील ना."

आबांनी तो टांगला. दुपारची वेळ, लाइट गेलेली. एरवी आमचं मशीन, शेजारचा पत्रा दाबायचा प्रेस, रस्त्यावरचे ट्रक, या गोंगाटात ठोका फक्त कान लावलेल्या माणसालाच ऐकू यायचा. त्या दिवशी सगळी लाइन गप्प होती. आबांनी डोळे मिटले, ठोका दिला. थड्. पोत्यावर काठी मारावी तसा. आबांनी डोळे उघडले, भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "वाजतोय बघ कसा! घाल बिनघोर."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. भाऊ तर हसतच होता.

"आबा, परत वाजवा," मी म्हणाले. ते पाठ करून हातोडी पुसायला लागले. मी मोठ्यानं म्हणाले तेव्हा वळले, आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "ताई, आबांनी वाजवलाय," भाऊ म्हणाला. "अरे, वाजलाच नाही तो! तुला कान आहेत का नाहीत?" असं म्हणून मी आबांच्या हातातली हातोडी घेतली. घेतली म्हणजे हिसकावलीच. आधी गाडीचा जुना क्रँक टांगला आणि ठोका दिला. ओतीवचा आवाज मुळातच जाडा, तरी तो घुमला, पत्र्याखाली चांगला घुमत राहिला. मग संगमनेरच्या क्रँकला दिला. थड्. भावाचं हसू जागच्या जागी मावळलं.

आबा क्रँककडं बघतच नव्हते. ते आधी माझ्या तोंडाकडं बघत होते, मग भावाच्या, मग परत माझ्या. तेव्हा मला कळलं. आबा ऐकत नव्हतेच. किती वर्षं, देव जाणे, ते समोरच्याच्या चेहऱ्यावर आवाज बघत होते. मेकॅनिकचे कान तयार असतात, बसका ठोका पडला की त्याचं तोंड आपोआप वाकडं होतं, आणि आबा म्हणायचे, भंगारात टाका. आज समोर पोरगा होता. त्याला तो क्रँक हवाच होता आणि तो बापावर विसंबून नुसता हसत उभा होता. बाप त्याच्या हसण्यावर विसंबला. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोनवर ते "मोबाईलच बिघडलाय" म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. आयुष्यभर त्या मशीनशेजारी उभं राहिलेल्या माणसाचे कान जातील नाहीतर काय होईल?

मी क्रँक रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि खडूची पूड लावली. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल पूड ओली करतं. थोड्या वेळानं मधल्या पिनेच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ उमटली. भाऊ खाली बसला. "मी हा घालून पळणार होतो," एवढंच म्हणाला. आबांनी रेघेवरून बोट फिरवलं. त्यांना ओरडून काही सांगायची गरज नव्हती, डोळे त्यांचे शाबूत आहेत.

"आधीचे?" त्यांनी विचारलं. "मी घाला म्हणालो ते?"

भावाची गाडी मी जुना क्रँक घासूनच उभी करून दिली. त्यानं इंजिन जपून पळवलं, मागे राहिला आणि धडपणे घरी आला. मला तेवढं पुरे होतं. आबांना नव्हतं. त्यांनी हातोडी परत हातात घेतली नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर दुकानात त्यातून नुसत्या किंकाळ्या यायच्या. त्यांनी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. जेवताना घास हातात धरून बसायचे आणि एकदम म्हणायचे, "त्या शाळेच्या गाडीचा वाजवला हुता." कधी म्हणायचे, "तो उसाच्या ट्रॅक्टरचा." बसवलेला क्रँक परत वाजवता येत नाही, अख्खं इंजिन उघडावं लागतं. कुणाला सांगणार, आणि काय सांगणार? रस्त्यावर एखादी जुनी जीप दिसली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

मग एके दिवशी देवळाली प्रवराहून एक जुना मेकॅनिक क्रँक घेऊन आला. अगदी आबांच्या हाताखाली शिकलेला. आबा बाहेर खुर्चीवर बसले होते. त्याला बघताच उठले आणि त्याचा दंडच धरला. "तो ट्रॅक्टरचा क्रँक चालतोय का? मागं मी वाजवलेला?"

"चालतोय की आबा, झ्याक!" तो मान डोलावत ओरडला. मग आत माझ्याकडं आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "आसं का इचारतायत ओ?"

मी सगळं सांगितलं. त्यानं हातातला क्रँक खाली ठेवला.

"ताई, आबांना आईकू येत न्हाई हे आमाला लई दिसांपासून म्हाईत हाय. सगळ्यांलाच. आमी इथनं नेतो आन् घरी परत वाजिवतो. त्यो ट्रॅक्टरचा तर कवाच भंगारात गेला. काळजी करू नका म्हनावं."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?" माझा आवाज चढला.

"कुनी बोलायचं? ज्यांनी आमाला वाजवायला शिकिवलं, त्यांला?"

आबा दारात येऊन उभे होते. किती वेळ, माहीत नाही. आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

जीव टांगणीला लावून रोज जेवण टाकणारा माणूस तो. त्याला हे कळायलाच हवं होतं. मी त्यांच्या कानाशी गेले आणि ओरडले, "कुणाला काही झालेलं नाही, आबा! तुम्ही वाजवलेले सगळे क्रँक ते घरी नेऊन परत वाजवायचे! सगळेच!" प्रेसवरची माणसं काम थांबवून आमच्याकडं बघायला लागली.

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. खांदे खाली आले, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मेकॅनिकच्या पायाशी ठेवलेल्या क्रँककडं पाहिलं, पाहत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा विझला.

"मग हितं यायचे कशाला?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. पण तसलं काही ओरडून सांगता येत नाही, आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू आलं नसतं.