वाचलेला वेळ कोणाचा?

घमापूर मोहल्ल्यातलं आमचं कम्प्युटर सेंटर तासाची फी घ्यायचं आणि त्यातला बराचसा तास फ्लॉपीला द्यायचं. हे मी तेव्हाही पत्रकात छापलं होतं, आजही मागे घेत नाही.

काळ्या पडद्याच्या डॉसचे दिवस होते. मशीनला हार्ड डिस्क नव्हती. सी भाषेतला प्रोग्राम लिहायचा, कंपाइलरच्या हवाली करायचा आणि बसून राहायचं. कंपाइलर फ्लॉपीवर, त्याला लागणाऱ्या फायलीही फ्लॉपीवर. एक अर्धविराम सुटला की फ्लॉपीची घरघर पुन्हा पहिल्यापासून.

माझं प्रोजेक्ट चाललं नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर बाबांच्या फॅक्टरीत अप्रेंटिस. नागपूरच्या एका छापखान्याने, कम्प्युटर येत असेल तर ये, असं कळवलं होतं. मला तिकडे जायचं होतं. भोंग्यावर उठणारं घर मी जन्मभर पाहिलं होतं.

सेंटरमधलं मॅन्युअल उलटताना एक युक्ती सापडली. मशीन चालू होताना जी फाइल वाचतं तिच्यात एक ओळ घातली की मेमरीचा रिकामा भाग ड्राइव्हसारखा वापरता येतो. कंपाइलरच्या फायली तिथे उतरवल्या आणि प्रोग्राम चहाचा घोट गिळेपर्यंत कंपाइल झाला. लाइट गेली की तिथलं सगळं साफ, म्हणून आपलं काम उठायच्या आधी फ्लॉपीवर घ्यायचं, एवढंच पथ्य. मी ती ओळ सगळ्या मशीनच्या फ्लॉप्यांवर घालून दिली. सेंटर चालवणाऱ्या सरांनी मुगाच्या डाळीचे मंगोडे खिलवले.

पुढच्या आठवड्यात दारावर कागद लागला. बॅच अर्ध्या तासाची, फी तीच.

मी तावातावाने आत गेलो. सर हसले. "काम तो उतना ही हो रहा है न, भैया? फास्ट तूने ही किया है."

मी पत्रक काढलं: वाचलेला वेळ विद्यार्थ्यांचा. पोरांनी घेतलं, खिशात घातलं आणि पळाले, कारण त्यांचा अर्धा तास सुरू झाला होता. त्यातला थोडा फायली मेमरीत चढवण्यात जायचा, थोडा काम फ्लॉपीवर उतरवण्यात. शेजारच्या मशीनवर दीक्षितपुरा मोहल्ल्यातली एक ताई बसायची, शाळेत टायपिस्ट होती. ती म्हणाली, "काहून एवढी हुशारी करून राहिला होता रे? पहिले ते घरघरायचं तेव्हा विचार तरी करता यायचा."

मग मी संप केला. परीक्षेआधीच्या आमच्या शेवटच्या बॅचला सगळ्यांच्या आधी पोचलो आणि सगळ्या फ्लॉप्यांवरची ती ओळ काढून टाकली. काम अडलं की सर पुरा तास परत देतील, असा माझा हिशोब. काम अडलं. सरांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही. पोरं फ्लॉपीकडे पाहत बसली, माझंही प्रोजेक्ट अर्ध्यावर लटकलं.

ताई उठून माझ्या खुर्चीमागे आली. आवाज चढवला नाही.

"तुझी लढाई बरोबर आहे. पण माझं प्रोजेक्ट राहिलंय. टाक ती ओळ परत."

मी आधी तिच्या मशीनवर टाकली, मग बाकीच्यांच्या. प्रत्येक मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, फायली चढेपर्यंत थांबायचं. ताईचं प्रोजेक्ट चाललं. शेवटी माझ्या मशीनवर ओळ टाकली तेव्हा आमचा अर्धा तास संपला होता, पुढच्या बॅचचा मुलगा खुर्ची ओढून बसत होता. त्याने विचारलं, "भैया, ये फास्ट वाला है न?"

मी हो म्हटलं.