जुन्या डब्यातला खरखरीत आवाज

माझी नणंद जन्मापासून आंधळी आणि जन्मापासूनच हट्टी. छापखान्याची पुस्तकं छापण्याआधी ती घरबसल्या तपासते. कॉम्प्युटर वाचून दाखवतो, ही कानांनी चुका पकडते. तिचा जुना कॉम्प्युटर वर्षानुवर्षं खरखरत होता, परवा त्यानं मान टाकली.

आमच्या ह्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान. ह्यांनी बहिणीला कोरा करकरीत आणून दिला. त्यातली बाई इतकं मधाळ वाचायची की मी भाजी चिरायची थांबायचे. माझा स्वतःचा आवाज म्हणजे फाटका भोंगा. सासऱ्यांनीच ठेवलेलं नाव! पण नणंदेचं काम निम्म्यावर आलं. छापखान्याच्या मालकांनी सांगितलं, "सोमवारी पुस्तक आलं नाही, तर दुसरं कुणीतरी बघतो."

"दादा, मला जुनीच सिस्टीम घालून दे, जुना आवाज नव्यात चालत नाही," ती म्हणाली.

"अगं, ती सिस्टीम आता कुणी वापरत नाही!"

"मी कुणीच नाही का?"

झालं! हे मुकाट्यानं माळ्यावर चढले. जुन्या सिस्टीमची सीडी शोधली, पुसली, तसाच एक जुना कॉम्प्युटरचा डबा जुळवला. इंटरनेटची वायर काढून ठेवली. म्हणाले, "म्हाताऱ्याला बाहेरचं वारं नको, लगेच व्हायरस धरेल." मी स्टूल ओढून बसले. एवढा गोड आवाज सोडून ही कशासाठी भांडतेय, मला काही केल्या कळेना.

सिस्टीम चढली. पण ह्यांनी आगाऊपणा केलाच, तिच्यातही गोड आवाज घातला. नणंद रडवेली झाली. "ही पाहुणी काढ रे! हिच्यापायी माझं काम जाईल."

मग एकदाचा तो खरखऱ्या आला. तिनं वेग वाढवला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे शब्द! मला ओ की ठो कळेना. ती मात्र मध्येच थांबली. "इथं एक 'नाही' सुटलाय."

"अगं बाई, ह्यात तुला कळतं तरी काय?"

"गोड आवाज पळवला की शब्दांचा गोळा होतो, वहिनी. हा एकेक अक्षर आपटत जातो. तुझ्यासारखा."

"म्हणजे भोंगा!"

"लहानपणापासून सगळे माझ्याशी हळू नि गोड बोलायचे. काय लपवताहेत, तेच कळायचं नाही. तू लग्न होऊन आलीस आणि दुसऱ्याच दिवशी खेकसलीस, 'आंधळे, तिकडे जाऊ नकोस, फरशी ओली आहे!' म्हटलं, चला, आता ह्या घरात बिनघोर चालता येईल."

माझा भोंगा नेमका तेव्हाच बंद पडला.