काचेतली रेघ

दोन हजार आठच्या आसपास भरे गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही इलेक्ट्रॉनिक पॅनेल थंड करण्याचे प्रयोग करत होतो. पंखा नाही, पाणी नाही. पॅनेलमागच्या नळ्यांतून प्रचंड दाबाखाली कार्बन डायऑक्साइड फिरवायचा. त्या दाबात, एकतीस अंशांच्या वर तो धड द्रवही राहत नाही आणि धड वायूही, पण उष्णता मात्र झकास वाहून नेतो. आमच्या साहेबांनी यातलं वाचलं होतं काय, तर स्वतःच्याच प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड. तेवढ्या भांडवलावर ते तासभर इंग्रजी झाडायचे.

नळ्या जोडल्या होत्या गावातल्याच एका फिटरने. तो कंत्राटावर होता. गिऱ्हाईक कंपनीच्या पाहुण्यांसमोर चाचणी नीट झाली की तुला कायम करू, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. मीही प्रोबेशनवरच, अमरावतीहून आलेला, भूगावात भाड्याने राहणारा इंजिनिअर.

नळीला काचेची एक छोटी खिडकी होती. चाचणीच्या सकाळी तिच्यात खाली द्रव, वर वायू आणि मधे स्वच्छ रेघ दिसत होती. पाहुणे आले, पॅनेल सुरू केलं, तापमान एकतिसाच्या पुढे गेलं आणि रेघ नाहीशी झाली. व्हायलाच हवी होती, त्यासाठीच तर एवढा खटाटोप. साहेबांनी काचेत डोकावून पाहुण्यांदेखत जाहीर केलं की गॅस गळला, फिटरने जोड कच्चे ठेवले. इतक्या थाटात चुकायलाही अंगात काही असावं लागतं.

फिटरने दाबाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "गळती असती तर काटा पडला असता, साहेब. ह्यो तर वर चाललाय."

आठवी शिकलेल्या माणसाने परदेशी डिग्रीची एका वाक्यात शोभा केली. साहेबांचं तोंड उतरलं. मग ते माझ्याकडे वळले आणि मला काय वाटतं, असं विचारलं.

मला वाटायचं काय होतं त्यात? मला माहीत होतं.

"जोड तपासायला हवेत, सर," मी म्हणालो.

संध्याकाळी फिटर पाने-पकडी पिशवीत भरत होता. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. साहेबांशी एकट्यात बोलतो, असं मी काहीतरी पुटपुटलो. त्याने वरही पाहिलं नाही.

"त्येंना कळत न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या. तुमाला तर कळत हुतं."

पुढच्या महिन्यात मी कायम झालो.