नोटीस छापून येण्याआधी

वसईच्या कोर्टाजवळ एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर वकीलबाई बसतात. त्यांच्याकडे जाण्याआधी दोन वर्षं मी कोणाकडेच गेले नव्हते. बँकांचे फोन येत आणि मी फोन उशीखाली दाबून टीव्हीचा आवाज वाढवत असे. पन्नाशी उलटलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, बोळिंजला भाड्याच्या वन बीएचकेत एकटी. फोन का उचलत नाहीस म्हणून विचारणारं घरात होतं कोण?

कर्ज कशाचं ते आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं बाईने साड्या घेतल्या असतील. मी बोळिंजमध्ये एका गाळ्यात बालवाडी चालवत होते. नवऱ्याच्या आजारपणात आमचा फ्लॅट विकला गेला, तेव्हाही बालवाडी चालली. मग लॉकडाऊन लागलं. मुलं बंद झाली, गाळ्याचं भाडं बंद झालं नाही, आणि दोन शिक्षिकांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटेना. पर्सनल लोन काढलं. त्याचे हप्ते भरायला क्रेडिट कार्ड, कार्डाचं भरायला मोबाइलवरचं ॲप. सगळं सुरू झालं तोवर माझी मुलं मोठ्या शाळांच्या नर्सरीत जाऊन बसली होती. बालवाडी मिटली, कर्ज तेवढं चालू राहिलं. तिच्या छोट्या छोट्या लाल-पिवळ्या खुर्च्यांची चळत अजून माझ्या हॉलमध्ये आहे, आणि मी एका क्लासमध्ये दुसऱ्याच्या पगारावर पोरांचा अभ्यास घेते.

वकीलबाई माझ्याहून लहान, पण बोलायला फटकळ. मला तशी माणसं आवडतात, कारण मीही तशीच आहे. त्यांनी एकेक रस्ता सांगायला घेतला. बँकेला एकरकमी पैसे देऊन तडजोड करता येते. मी म्हटलं, एकरकमी असते तर तुमचा जिना कशाला चढले असते? हप्ते लांबवून मिळतात. पण भाडं आणि किराणा गेल्यावर माझ्या हातात लांबवण्याइतकाही हप्ता उरत नव्हता. सगळी फेडायला एकच मोठं कर्ज काढायचं, हा सल्ला मला ॲपवाल्यांनीही दिला होता, म्हणून बाईंनी त्याचं नाव काढताच माझं डोकं फिरलं.

“मी घ्या म्हणत नाहीये, ताई,” त्या म्हणाल्या. “काय काय असतं ते सांगतेय. शेवटी उरतो नादारीचा अर्ज.”

म्हणजे दिवाळं. नवा कायदा आलाय, पण त्यातला साध्या माणसांसाठीचा भाग अजून लागू झालेला नाही, त्यामुळे आपल्याकडे अजून इंग्रजांच्या वेळचा जुनाच कायदा चालतो, असं त्यांनी सांगितलं. सगळी देणी आणि सगळी मालमत्ता कोर्टापुढे खरीखरी मांडायची. कोर्टाला पटलं की ते नादार ठरवतं, जे काही आहे ते कोर्टाच्या माणसाच्या ताब्यात जातं आणि घेणेकऱ्यांत वाटलं जातं. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, हातातल्या धंद्याची हत्यारं तेवढी सोडतात. पुढे रीतसर सुटका मागायची, ती मिळाली की जुन्या देण्यांचं ओझं बहुतेक उतरतं. लपवाछपवी केली तर काहीच उतरत नाही. नवीन कर्ज मागायला गेलं तर आधी हे सांगावं लागतं. वेळ किती लागेल, ते त्या सांगू शकत नव्हत्या.

“माझ्या त्या खुर्च्या हत्यारांत धरतील का?” मी विचारलं.

त्या हसल्या. “त्या नेऊन कोर्ट बसणार कुठे?”

कितीतरी दिवसांनी मी कोणाबरोबर तरी हसले. त्या हसण्यातच मी विचारून टाकलं की माझ्या भावाला काही भरावं लागेल का. भाऊ कुठल्या कर्जाला जामीन आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग त्याचा काही संबंध नाही.” मला केवढं हलकं वाटलं. मी पिशवी उचलून उठणार एवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि हो, कोर्ट सांगेल त्या पेपरात नोटीस द्यावी लागेल. तुमचं नाव, पत्ता, अर्ज कशाचा ते. कोणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून.”

मी पुन्हा खाली बसले.

माझं माहेर वटारचं. केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, पिढ्यान्‌पिढ्यांची. आमच्याकडे पेपर पहिल्या पानावरून कोणी वाचत नाही. आधी जाहीर नोटिसा. कारण वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून कुठला चुलत चुलता कुठला तुकडा कोणाला विकतोय, कुठला वारस अचानक उगवलाय, ते सगळं त्या बारीक अक्षरांतच कळतं. चौदा दिवसांत हरकत घेतली नाही तर गेलीच जमीन. वडिलांना दिसेनासं झालं तेव्हा त्या नोटिसा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा. मी शुद्ध वाचायला शिकले ते शाळेत नाही, वडिलांच्या आरामखुर्चीपाशी. ते गेल्यावर हे काम दादाने घेतलं. आणि फक्त दादाच कशाला, आमच्या आळीतली प्रत्येक ओटी ते पान वाचते. दुनियेत कुठेही माझं दिवाळं जाहीर झालं असतं तर चाललं असतं. नेमकं त्याच पानावर होणार होतं.

बोळिंजहून वटार रिक्षाने फार तर वीस मिनिटं. तेवढ्यातल्या तेवढ्यात मी दोन वर्षं दोन बायका होऊन राहिले. इकडे फोनला घाबरणारी, तिकडे बालवाडीवाली बाय. घरातली धंदा करणारी पहिली मुलगी म्हणून वडिलांनी उद्‌घाटनाला सगळी आळी टेम्पोत घालून आणली होती. बंद केली तेव्हा मी सांगितलं, दगदग झेपत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा दर पंधरा-वीस दिवसांनी स्कूटरवरून वेलची केळ्यांचा फणा आणि पडवळ, अळू, काय असेल ते घेऊन यायचा. चहा प्यायचा, खुर्च्यांच्या चळतीकडे बघायचा, विचारायचा, “बरा हाय ना सगला?” मी म्हणायची, “मस्त.” तो आला की मी फोन बंद करून टाकायची. आठवडेच्या आठवडे घरात येणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि जे येत होतं त्याच्याशी मी खोटं बोलत होते. पण ते एक दार होतं. नोटीस छापून आली की ते बंद होणार, याची मला खात्री होती, आणि ते बंद झाल्यावर मी कोणाची म्हणून राहणार होते ते मला सुचत नव्हतं.

अर्ज दाखल झाला. नोटीस पुढच्या आठवड्यात येईल, असं बाईंनी कळवलं. पेपराने सांगण्याआधी आपण सांगावं, एवढी तरी अब्रू राखावी, म्हणून एका दुपारी मी वटारला गेले.

दादा ओटीवर बसला होता. चाफा पहाटेच खुडून दादरला गेला होता आणि दुपारी त्याला काम नसतं. मांडीवर पेपर होता. वहिनी खाली पाट घेऊन केळफूल निवडत बसली होती, एकेक फुलातली कडक काडी काढत. मी पाणी प्याले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. रस्ताभर केलेली तयारी काही उपयोगी पडली नाही.

“दादा, पेपरात माझ्या नावाची नोटीस येनार हाय.”

“जागेची?”

“नाय. कर्जाची. दिवालं काडलंय मी.”

वहिनीचा हात थांबला नाही. ते मला आधी दिसलं. नवी बातमी ऐकली की माणसाचा हात थांबतो. ती काडी काढत राहिली.

दादा म्हणाला, “आमाला माहीत हाय, बाय.”

“कोन बोललं?”

“फोन यायचे ना.”

मग त्याने सांगितलं. आधी एक मुलगी गोड बोलायची, तुमच्या बहिणीला फोन उचलायला सांगा. मग एक माणूस हिंदीत शिव्या घालायला लागला. ॲपवाल्यांनी माझ्या मोबाइलमधले सगळे नंबर उचलले होते, हे मला वकीलबाईंनी सांगितलं होतं, पण त्या नंबरांत दादाचाही आहे हा विचार मी मनात येऊच दिला नव्हता. फोन त्याला यायचे, वहिनीलाही यायचे. वहिनी चूल सोडून उठायची ती कोणीतरी परका माणूस तिच्या नणंदेला काय काय म्हणतो ते ऐकायला.

“कवापासून?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली असतील.”

“आनि मला एका शब्दानं बोलला नाय तू?”

“तू बोलशील म्हनून वाट बगली,” तो म्हणाला. “तू मस्त म्हनायचीस. मग मी काय बोलू?”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. दोन वर्षं मी एकटी आहे असं समजून काढली, आणि माझ्यासमोर बसून चहा पिणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्याने प्रत्येक वेळी विचारलं, मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं, आणि दोघांनाही माहीत होतं की आपण नाटक करतोय. त्यातल्या एखाद्या दुपारी दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? आमच्या घराण्यात जमिनीवरून कोर्टात भांडायला कोणी लाजत नाही, पण समोरच्याला ‘तुला काय होतंय’ म्हणायची आमची हिंमत नाही. ते मागचे सगळे दिवस मला होते त्याहून जास्त एकटे वाटायला लागले.

“मग फोन बंद कसे झाले?” मी विचारलं. कारण तो ‘यायचे’ म्हणत होता, ‘येतात’ म्हणत नव्हता.

दादा पेपराची घडी घालायला लागला. उत्तर वहिनीने दिलं. “यांनी एकदा सांगलं त्याला नीट.”

“काय सांगलं?”

“जाव दे ना,” दादा म्हणाला.

“काय सांगलंस, दादा?”

तो माझ्याकडे न बघता बोलला. “सांगलं, आमचा तिचा काय संबंद नाय. ती आमच्याकडं येत नाय, आमी तिच्याकडं जात नाय. आमी तिला बहीन मानीत नाय, आमाला परत फोन करू नको. तवा थांबले.”

मुलाला बेदखल करणाऱ्या बापांच्या नोटिसा मी वडिलांना वाचून दाखवल्या होत्या, तेव्हा मला त्या ऐटीतल्या भाषेची गंमत वाटायची. दादाची भाषा अगदी साधी होती. आणि त्यानंतरही तो केळी घेऊन येत होता. बहीण मानत नाही असं सांगून फोन ठेवला असेल, आणि पुढच्या रविवारी स्कूटरला फणा बांधला असेल.

“बरोबर केलंस,” मी म्हटलं.

आणि ते बरोबरच होतं. वकीलबाईंनी तेच सांगितलं होतं, मला विचारलं असतं तर मीही त्याला तेच बोलायला शिकवलं असतं. शहाण्या माणसाने असंच बोलावं. तरी मी उठले. वहिनीने जेवून जा म्हटलं. मी क्लासचं कारण सांगितलं, आणि क्लास त्या दिवशी नव्हता हे बहुधा त्या दोघांनाही कळलं असावं. वहिनीने ‘बरं’ म्हटलं. सवयच ती.

दादा केळी घेऊन नाक्यापर्यंत सोडायला आला. उन्हात तो मला म्हातारा दिसला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, चालताना दम लागतो.

“नोटीस आल्यावं परत फोन करतील का ते?” त्याने विचारलं.

“करतील. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत करतील, असं वकीलबाई म्हनतात.”

त्याने केळी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, “आता काय सांगू त्यांना?”

तो खरंच विचारत होता. माझी बहीण आहे असं सांग, म्हटलं असतं तर त्याने सांगितलं असतं, याची मला त्या क्षणी खात्री होती. मग रोज त्या शिव्या त्याने ऐकल्या असत्या, वहिनीने ऐकल्या असत्या, आणि मला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नसतं. रिक्षा येऊन थांबली होती. रिक्षावाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता. माझ्या तोंडाशी ते वाक्य आलंही होतं.

“तेच सांग,” मी म्हटलं, त्याच्या हातातली केळी घेतली आणि रिक्षात बसले.